अकरा महिन्यांची फुलं

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू आणि दादा दोघंही खुशाल असाल असं धरून चालते. मी इथे धडधाकट आहे, उजवा गुडघा सोडला तर. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून हे पाकीट उघडावं की चुलीत घालावं असा प्रश्न तुला पडला असेल. उघडलंसच आहे, तर आता शेवटपर्यंत वाच.

आधी कामाचं बोलते. तू हल्ली रोपवाटिकेत आहेस असं कळलं, म्हणून सल्ला हवाय. आपल्या दवाखान्याच्या मोठ्या फाटकासमोरचा वाफा आठवतो ना, जिथे रुग्णवाहिका वळते तो? तिथे काय लावायचं ते मला विचारलंय. नव्या अधीक्षक बाईंनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, साल्व्हिया की नाशपाती, दोन्हींची तुलना करून एक पान टिपण द्या. आठवी पास बाईकडून तुलना! तीन कागद फाडले. शेवटी म्हटलं, आधी तुलाच लिहावं. तू माझ्या चुका बारा वर्षं काढल्यास, अजून एकदा काढ.

तर साल्व्हियाची बाजू भक्कम आहे. बी टाकलं की तीन महिन्यांत वाफा लाल होतो. सुकलेले तुरे खुडत राहिलं की पुन्हा फुटतो. पाणी बेताचं लागतं, मधमाश्या दिवसभर येतात. खालच्या वॉर्डातल्या खाटांवरून तो वाफा सरळ दिसतो, आणि खाटेवरच्या माणसाला बघायला काहीतरी आज हवं असतं. त्याला पाच वर्षांनी येणाऱ्या फळाचं काय कौतुक?

उलट नाशपाती बघ. कलम लावलं तरी पहिली दोन वर्षं नुसती काठी. येणारा-जाणारा विचारणार, ही काठी कशाला रोवलीय? फळ धरायला चार-पाच वर्षं. आणि धरलं की गळणार, वाटेवर चिकचिक होणार, त्यावरून लोक घसरणार. दवाखाना समोरच आहे, तेवढीच सोय.

एवढं सगळं साल्व्हियाच्या बाजूने लिहून झालं आणि माझा हात थांबला. वहिनी, एकोणीस वर्षं मी माळीणकाम करते आणि आजवर मी एकही झाड लावलेलं नाही. तूही नाहीस. आपण लावली ती सगळी अकरा महिन्यांची फुलं. जूनला कामावर घ्यायचे, एप्रिलअखेर कामावरून कमी केल्याचा कागद हातात द्यायचे, मे महिना घरी बसवायचे आणि जूनला पुन्हा नव्याने घ्यायचे. ज्या माणसाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो झाड कशाला लावेल? तूच शिकवलं होतंस, आपले अकरा महिने संपायच्या आत फुलेल तेच पेरायचं.

आणि तरी मे महिन्यात आपण गप्प बसलो का? ऐन भरातला साल्व्हिया उन्हात करपताना बघवेना, म्हणून धोबीखान्याच्या मागच्या दाराने सकाळी सकाळी आत शिरायचो आणि फुकट पाणी घालायचो. चोर काहीतरी न्यायला शिरतात, आपण द्यायला शिरायचो. हे मी माझ्या वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांनी मला बिनपगारी गाढव म्हटलं नाही, पण तोंडावर तेच होतं.

आता ऐक. मी खटला जिंकले. मला कायम केलंय, पहिल्या दिवसापासून सेवा अखंड धरून. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला निकाल लागला. मी कोर्टाच्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्याने दोन-दोन करून उतरले.

हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. ते मागे का ठेवलं, तुला कळलं असेल. आपण कशामुळे जिंकलो ते लिहायचं म्हटलं की मला खाली मान घालावी लागते.

दवाखान्याच्या वकिलाचं म्हणणं एकच होतं. ही हंगामी बाई आहे, दर मे महिन्यात हिच्या नोकरीत खंड आहे. आमच्याकडे उत्तर होतं, पुरावा नव्हता. तू गेल्यावरही मी मे महिन्यात एकटी जात राहिले, पण लिहून ठेवायची अक्कल मला कुठे? मग पावसाळ्यात वकीलबाईंकडे एक गठ्ठा आला. बियाण्याच्या गोणपाटात गुंडाळलेल्या बारा वह्या, पाठवणाऱ्याचं नाव नाही. त्यांनी विचारलं, कुणाच्या या? मी म्हटलं, ठाऊक नाही.

खोटं बोलले, वहिनी. पहिलं पान उघडताच ओळखलं होतं. रोज तारीख, कुठला वाफा, किती झाऱ्या, पेन्सिलीने. मी तुला चिडवायची की एक दिवस तू श्वाससुद्धा मोजून लिहून ठेवशील. पण ज्या बाईने आपल्या दोघींच्या कोर्टातल्या अर्जावरचं नाव मागे घेतलं, तिच्याच वह्यांवर मी तरणार, हे माझ्या घशाखाली उतरेना. अडीच महिने मी ते कुणाला सांगितलं नाही. तुलाही एक ओळ लिहिली नाही.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी त्या वकिलाला विचारलं, मे महिन्यात बागेला पाणी कोण घालत होतं? तो म्हणाला, पाऊस पडत असेल. सगळं कोर्ट हसलं. मग न्यायाधीशांनी वही उघडून एक पान मोठ्याने वाचलं: "९ मे. मी पाच झाऱ्या, नणंद दोन. तिला ताप आहे. घरी जा म्हटलं, ऐकत नाही. हट्टी आहे, पण हात चांगला आहे."

तू माझ्याबद्दल असं लिहिलं होतंस हे मला माहीतच नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पदराने पुसत बसले, आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "या वह्या कुणी लिहिल्या?"

वकीलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठून उभी राहिले.

"माझ्या वहिनीने," मी म्हटलं. "मला काम तिनेच शिकवलं."

आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

निकालपत्रात तुझंही नाव आहे. वह्या लिहिणाऱ्या बाईची सेवाही यातून दिसते, तिने अर्ज केल्यास तीन महिन्यांत विचार करावा, असं लिहिलंय. मुदत जानेवारीअखेर संपते. अधीक्षक बाईंनी अर्जाचा कोरा कागद काढून ठेवलाय, तुझी सही हवी. जुने साहेब निवृत्त होऊन गेले. रस्त्यात दिसले तर नमस्कार करणार आहे, जरा जास्तच वाकून.

टिपण मी नाशपातीच्या बाजूने देणार. खाली साल्व्हियाचा पट्टा राहू दे, आजारी माणसांनी काठीकडे किती दिवस बघायचं? पण मधे झाड हवं. एकाच जातीची नाशपाती एकटी सहसा फळत नाही, जवळ दुसऱ्या जातीची लागते, हे तुला मी काय सांगणार. तुमच्या रोपवाटिकेतून दोन जातींची दोन कलमं निवड. पानं झडली की थंडीतच लावायला हवीत, आणि अर्जाची मुदतही तेव्हाच आहे, म्हणजे तुझी एकच खेप. यायचं नसेल तर कलमं तेवढी पाठव. मी रागावणार नाही. खोटं कशाला बोलू, रागावेन, पण लिहिणार नाही.

आता जे लिहायला एवढी पानं घेतली ते. जुन्या साहेबांनी तुला बोलावून सांगितलं होतं, नाव मागे घे, नाहीतर नवऱ्याची रुग्णवाहिकेवरची ड्रायव्हरकी जाईल. तू नाव मागे घेतलंस. मी नळावर सगळ्यांसमोर तुला घरभेदी म्हटलं, माझ्या दारात पाय ठेवू नको म्हटलं. वर्षभरात दादाने बदली मागून घेतली आणि तुम्ही गाव सोडलंत, तेही माझ्याच तोंडामुळे. तू एकदाही उलट बोलली नाहीस. मी मात्र घरोघर सांगत फिरले की वहिनीला फक्त तिचा संसार दिसतो.

तो संसार म्हणजे माझाच सख्खा भाऊ होता. त्याची नोकरी राहावी म्हणून तू स्वतःच्या कायम नोकरीवर पाणी सोडलंस, आणि मी, त्याची बहीण, तुला एका शब्दाने बरं म्हटलं नाही.

आज म्हणते. बरं केलंस, वहिनी.

तुझ्या हाताखाली तयार झालेली,
हट्टी नणंद