मालनचे नाव मालनला परत देण्याबाबत

मी, लोकांत मालनबाई भगवानराव वाव्हळे या नावाने ओळखली जाणारी, वय अंदाजे सत्याहत्तर (जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा, म्हणजे अठ्ठेचाळीसचा, तारीख कुणी बघून ठेवली नाही), धंदा पूर्वी मजुरी आणि आता सगळ्यांच्या कामात लुडबुड, राहणार परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने अगर भरीला पडून नव्हे, तर आपल्या मर्जीने सांगते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. दस्तलेखक रंगनाथ गिराम यांनी त्याबद्दल तीनदा विचारले, तेव्हा त्यांनी चष्मा उलटा ठेवलाय हे मीच त्यांना दाखवले. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ते लिहितात, आणि शोभेचे शब्द घालायला लागले की मी थांबवते.

१. हे मृत्युपत्र आताच का, ते आधी. माझा मुलगा नागसेन, निवृत्त शिक्षक. त्याची मुलगी संघप्रिया गेली तीन वर्षे आमच्या घराण्याचे कागद गोळा करते आहे. तहसील, तलाठी, सासरच्या गावची वालूरची शाळा, एक दार सोडले नाही. निजामाच्या वेळचे कागद उर्दूत, म्हणून एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांना रिक्षात घालून घेऊन गेली. त्यांनी माझ्या आजेसासऱ्याचे नाव वाचून दाखवले. मी ते फोनवर तीनदा वाचायला लावले. माणूस जाऊन ऐंशी वर्षे झाली, हाड नाही, माती नाही, आणि नाव तिथे आपल्या ओळीत बसून आहे! कुणी येईल म्हणून वाट बघितल्यासारखे.

शाळेच्या दाखल्यांप्रमाणे आमच्या घरातली सहा माणसे एक जूनला जन्मली आहेत. एवढ्या बाळंतिणी एका दिवसात उरकणारी सुईण कोण, त्याची नोंद मात्र मास्तरांनी ठेवलेली नाही.

२. मला वाचता येत नाही म्हणून या कागदांना मी कापडाच्या पिशव्या शिवल्या. जिवंत माणसांना निळी, गेलेल्यांना पांढरी. गेल्या जुलैत संघप्रिया एक कागद हातात धरून माझ्यासमोर बसली आणि हसायला लागली.

"आजी, या कागदावर तू मेलीस."

"कवा गं?"

"बासष्ट साली. येलदरीला."

"मग इतके दिवस भाकरी कोण थापायलंय?"

"सरकारी चूक हाय बघ. आता हा कागद निळ्या पिशवीत ठेवू का पांढऱ्या?"

मी म्हटले, वाच. तिने वाचले: मयताचे नाव मालन, नवरा भगवान, मुक्काम येलदरी धरण, वय वीस, कारण ताप. मी म्हटले, परत वाच. मग माझ्याच्याने हसवले नाही. त्रेसष्ट वर्षे त्या बाईला कुणी तिच्या नावाने हाक मारली नव्हती. कागदाने मारली.

३. ती चूक नाही. मालन निराळी होती. भगवानरावांची पहिली बायको. दोघे येलदरीच्या धरणावर मातीकामाला होते. नागसेन तीन महिन्यांचा असताना ती तापाने गेली. मी त्याच तळावर बापासोबत टोपले वाहत होते. माझे नाव कडू. माझ्या आधीची तीन भावंडे गेली, म्हणून मरणाला गोड लागू नये असे नाव ठेवले. नाव गुणाचे निघाले, अजून इथेच आहे. पोर दहा महिन्यांचे असताना भगवानरावांशी माझे लग्न लागले, आणि चौथ्या दिवशी मी कामावर उभी राहिले. मुकादमाने हजेरीचे पुस्तक उघडले. म्हणाला, "नवं नाव घालायचं म्हणजे वर साहेबाला विचारावं लागतंय. इथं मालन हाय, तूच मालन." झाले. काम तिचे, पोर तिचे, नवरा तिचा, नावही तिचे. पुढे रेशनकार्ड, मतदान, पगाराचे पुस्तक, आधार, सगळे त्या एका हजेरीवरून उतरत आले. धरण झाल्यावर आम्ही परभणीला आलो. इथे विचारणारे कुणी नव्हते.

भगवानरावांनी तिचे नाव जन्मात पुन्हा काढले नाही. त्यांना मी बाकी सगळ्याची माफी दिलेली आहे, विड्यांची सुद्धा. याची दिलेली नाही. आणि मी तरी कुठे काढले? नागसेन माझा राहणार नाही ही भीती. तेव्हा त्या माफीत मलाही धरू नये.

४. मग मी नागसेनला बोलावून सांगितले. त्याने कागद घेतला. पेपर तपासायला बसल्यासारखा वाचत राहिला, दोन ओळींचा कागद, पण पान सरेना. मग म्हणाला, "माय, वीस वर्षांची हाय ही. संघप्रियापेक्षा चौदा वर्षांनी लहान."

मी म्हटले, "हो."

"आपली माय आपल्या लेकीपेक्षा लहान." आणि कितीतरी वेळ त्याने कागद छातीजवळ धरला, लहान लेकरू धरावे तसा.

मी विचारले, "आता मला काय म्हणशील?"

"भूक लागली, माय. दुसरं काय म्हणू?"

५. राहते घर माझ्या नावावर आहे. रंगनाथराव म्हणाले, "आजी, नागसेन सर तुमच्या पोटचे नाहीत हे कागदावर आलं आणि मृत्युपत्र नसलं, तर सर मागं पडतील. घर सगळं विशाखाताईंना जाईल. त्यापेक्षा गप्प बसा." विशाखा माझी मुलगी, पोटची. ती बाजूलाच होती. म्हणाली, "गप बसायला तिला येत असतं तर आपण इथं कशाला आलो असतो?"

तेव्हा लिहा: कायदा पोटाचा रकाना ठेवतो. मी नागसेनला पाठीला बांधून टोपली वाहिली, त्याचा रकाना कायद्यात नाही, म्हणून मी इथे पाडते. घर नागसेन आणि विशाखा यांना निम्मे निम्मे. पोस्टातली शिल्लक तशीच. पाटा-वरवंटा विशाखाला, कारण नागसेनच्या घरी मिक्सर आहे आणि त्याच्या बायकोला त्याचा गर्व आहे.

६. सर्व कागद, पिशव्या आणि लोखंडी पेटी संघप्रियाला. वंशावळीत तिने दोन बायकांचे दोन चौकोन काढावेत. मालनच्या खाली नागसेन. माझ्या खाली विशाखा, आणि माझ्या चौकोनातून नागसेनपर्यंतही एक रेघ. ती कशी काढायची ते कुठल्या पुस्तकात नसेल तर तिने शोधून काढावे, शिकवले कशाला?

७. नागसेनने मला विचारले, ती दिसायला कशी होती. मला चेहरा आठवत नाही. जे आठवते ते जास्तीचे म्हणून फक्त त्याला देते, यात विशाखाचा वाटा नाही. डोक्यावरची चुंबळ बांधायला मला मालननेच शिकवले. "ओली करून पिळून बांध पोरी, मग घसरत न्हाई." आणि ती डावरी होती. फावडे डाव्या हाताने धरायची, म्हणून ओळीत तिच्याशेजारी कुणी उभे राहत नसे.

नागसेनने पाटीवर डाव्या हाताने पेन्सिल धरली तेव्हा मास्तरांनी छडी मारली. मी शाळेत जाऊन भांडले. सगळे म्हणाले, बाई तोंडाळ आहे. बाई तोंडाळ आहेच, पण तो हात कुणाचा होता ते मला एकटीला माहीत होते.

काल हे सांगत होते तेव्हा संघप्रिया आपल्या वहीत टिपत होती. माझे लक्ष तिच्या हाताकडे गेले. तोही डावा. ही पोरगी तीन वर्षे सरकारी दप्तरात मालनला शोधत हिंडली, आणि सगळे लिहून घेत होती मालनच्याच हाताने. मी गप्प बसले. रंगनाथराव साक्षीला आहेत, मी गप्प बसले.

८. माझ्यामागे तेरावा वगैरे नाही, आम्ही छप्पन सालीच ते सोडले. वंदना घ्यावी आणि वंशावळ मोठ्याने वाचावी. माझ्या मृत्यूची नोंद कडूबाई या नावाने करावी. नाव बदलण्याचा अर्ज संघप्रियाने केलेला आहे. रंगनाथराव म्हणाले, "आजी, या वयात नाव बदलून काय मिळवता?" मला काही मिळवायचे नाही. राजपत्र यायच्या आत मी गेले तर ऊर्फ लावा, पण कडूबाई आधी घाला. मालन बासष्ट साली एकदा मेलेली आहे. माझ्यासाठी तिला दुसऱ्यांदा मारू नका.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी शोभेचे शब्द सापडले, ते काढायला लावून मी अंगठा केला.

निशाणी डावा अंगठा: कडूबाई भगवानराव वाव्हळे, आजवर मालनबाई म्हणवलेली

आमच्या देखत बाईंनी अंगठा केला आणि त्यांच्या देखत आम्ही सह्या केल्या:
१) लिंबाजी किसन उघडे, शेजारी
२) विरेश बसप्पा मिटकरी, किराणा दुकानदार

लिहिणार: रंगनाथ सोपान गिराम, दस्तलेखक

ठिकाण: परभणी
दिनांक: ९ डिसेंबर २०२५