शिवेबाहेरचे तिघे

२ डिसेंबर
आलो एकदाचा! सुर्ल्याच्या पुढची ही वाडी आपल्याला जाम आवडली. खनिजाच्या टिपरांवर सुपरवायझरची नोकरी, शेवंतीकाकींच्या घरात भाड्याच्या दोन खोल्या, आणि सकाळी दारात पोदेर, म्हणजे इथला पाववाला, गरम उंडे घेऊन हजर. पल्लवीनं आल्या आल्या मला पडद्यांचे खिळे ठोकायला लावलं. पाचवा महिना लागलाय, पण बाईसाहेबांच्या हुकमांत खंड नाही. कुडाळहून आईनं फोनवर विचारलं, माणसं कशी आहेत. म्हटलं, आपल्यासारखीच, मासे मात्र आपल्याहून जास्त खातात.

८ डिसेंबर
आज शिवेवरचं गाऱ्हाणं होतं. अख्खा गाव सकाळीच सीमेवरच्या धोंड्यापाशी. काकींनी वाटेत गोष्ट सांगितली. फार पूर्वी आगडो, मिरगो आणि भोवरो या तिघांनी गावदेवी माउलीविरुद्ध बंड केलं. डोंगर आमचा, तुझं राज्य नको म्हणाले. बंड फसलं. आगड्याचे हात तोडले, मिरग्याचे डोळे काढले, आणि लोकांना भडकवणाऱ्या भोवऱ्याची जीभ उपटली. मग तिघांना शिवेबाहेर हाकललं. वर्षातून एकदा त्यांचा अर्ज गावचे पुजारी कृष्णनाथकाका माउलीपुढे बोलून दाखवतात: आम्हाला परत घे, आमचं आम्हाला भरून दे.

काका थांबले, आणि माझ्या तोंडून खणखणीत "व्हय म्हाराजा" निघालं! आमच्याकडे गाऱ्हाण्याला हाच जबाब, लहानपणापासूनची सवय. इथे शंभर माणसं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. काकींनी माझा दंड असा आवळला की वळ उठले. मेल्याहून मेल्यासारखं झालं बुवा.

९ डिसेंबर
पोदेर आज आमच्या दारात थांबला नाही. काकी म्हणाल्या, या एका गाऱ्हाण्याला गाव जबाब देत नाही, गप्प राहणं म्हणजेच त्यांना नाही म्हणणं. मग आधी सांगायला काय झालं होतं? तर त्या रडायलाच लागल्या. इथे पोराटोरांनाही ठाऊक असतं, म्हणून सांगायचं सुचलंच नाही म्हणे. मी हसण्यावारी नेलं. पल्लवी हसली नाही.

११ डिसेंबर
आमचा ड्रायव्हर गौरेश गेला. भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत. टिपर वजनकाट्यावर उभा, काचा वर, केबिनमध्ये तो एकटाच. आतून किंकाळी आली. दार उघडलं तर दोन्ही हात मनगटापासून उपटलेले. कापलेले नव्हते, उपटलेले. शिरा लोंबत होत्या. काच, सीट, देवाचा फोटो, सगळं रक्तानं भरलेलं. केबिन पालथी घातली, हात कुठेच नाहीत. माझ्या मांडीवर मेला तो. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं. अपघात, डोंबलाचा!

१३ डिसेंबर
आज मधुकर दुकानदार. गिऱ्हाइकाला नारळ देता देता दोन्ही डोळे खोबणीतून ओरबाडले गेले. ओरबाडणारा माणूस दिसलाच नाही, त्याची बायको सांगते. हवेत नुसते दोन हात होते, एका बोटात गौरेशची अंगठी. संध्याकाळपर्यंत तो ओरडत होता, मग थांबला.

मी केलं हे. माझ्या एका शब्दानं.

१४ डिसेंबर
कृष्णनाथकाकांचे पाय धरले. ते म्हणाले, शब्द मागे घेता येतो. नऊ दिवसांनी, म्हणजे १७ला सकाळी, त्याच जागी, त्याच माणसांसमोर, मीच "नाय म्हाराजा" म्हणायचं. तोवर शीव ओलांडायची नाही. कुडाळला पळालो तर ते तिघे मागोमाग घरापर्यंत येतील. पल्लवीच्या पोटाकडे बघून काकांनी माउलीला हात जोडले. दोनच शब्द म्हणायचे आहेत. तीन दिवस जीभ सांभाळायची.

१५ डिसेंबर
तोंडाला पंचा बांधून बसलोय. पल्लवी भरवते तेवढंच उघडतो. अंगणात उन्हात दोघे उभे आहेत. एकाचे डोळे घारे, मधुकरचे. मला आत शोधतायत. तिसरा अजून —

१६ डिसेंबर
गेली. चूळ भरायला पंचा सोडला, तेवढ्यात — ती अंगठी माझ्या दातांवर घासली — जीभ मुळापासून गेली. पल्लवीनं कापूस कोंबला, टॉवेल कोंबले. गाडी बोलवते म्हणाली. लिहून दिलं, शीव ओलांडायची नाही. उद्या काय म्हणू, कशानं म्हणू —

१७ डिसेंबर
धोंड्यापाशी बसवलंय मला. सगळे आले. काका म्हणतात, नवराबायको एकच, पल्लवी म्हणाली तरी चालेल. ती लगेच उठली. पोटावर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून पुढे उभी आहे, भित्री नाही माझी बायको.

काकांनी अर्ज सुरू केला —

झाडामागे तिसरा. कुणालाच दिसत नाही का? तोंड उघडलं त्यानं. आत माझी —

पल्लू, म्हणतोय. माझ्या आवाजात. ये गो, बरा झालो मी —

ती वळली. हसली! तिला वाटलं मीच — दोन शब्द राहिले, आधी ते म्हण, पल्लू —

निघाली त्याच्याकडे. ओरडायला जातो तर नुसतं रक्त — वही वर धरलीय — इकडे बघ गो, मी इथे, धोंड्यापाशी, मी इथे ब