चौथं शील

१३ ऑगस्ट, बुधवार. धुळे

जिवंत आहेत. आधी एवढंच लिहिते.

काल दुपारी हे पारोळ्याजवळच्या शिवारात खांबावर होते. तार जोडत होते आणि तारेत करंट आला. कमरेच्या पट्ट्याला लटकले म्हणून खाली पडले नाहीत. उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय, छातीही. पारोळ्याच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं — धुळ्याला न्या. इथे तोंडात नळी घातलीय, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस काही सांगता येणार नाही.

लाईट चालू केली आधारनानांनी! सबस्टेशनवर ऑपरेटर तेच होते. यांना वायरमनचं काम शिकवलं नानांनी. विहारात आमचं लग्न लागलं तेव्हा पहिल्या रांगेत नाना. आणि त्यांनीच...

सकाळी हवालदार जबाब घेऊन गेला. मी सांगितलं — दीडला जेवून निघताना यांनी माझ्यासमोर नानांना फोन केला. 'लाईन बंद ठेवा, मी चढतोय' म्हणाले. तरी नानांनी चालू केली. खाली सही केली. नाना सुटता कामा नयेत.

१४ ऑगस्ट

आईकडून मयुरीचा फोन. "पप्पांना दे." सहा वर्षांच्या पोरीला काय सांगू? झोपलेत म्हटलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मंदाअक्का आल्या. आमच्या विहारातल्या सगळ्यात जुन्या. सोबत आठ बाया, डबे, एक गोधडी — आणि ग्रंथ! डोकंच फिरलं माझं. इथे डॉक्टर रोज रक्त मागतायत, नि या पोथी घेऊन आल्या!

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज धम्माच्या ग्रंथाचं वाचन असतं. एकेका घराची पाळी. आज आमच्या घराची होती. पाळी चुकवायची नाही, म्हणून अक्कांनी अख्खी पाळीच एसटीत बसवून धुळ्याला आणली. मी म्हटलं, "अक्का, मला एक ओळ वाचवणार नाही." तर म्हणतात, "नको वाचू. पाळी तुझी, तोंड आमचं. तू जेव."

वॉचमनने वऱ्हांड्यातून उठवलं. मग बाहेर कडुलिंबाखाली बसल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून जेवले. कळण्याची भाकरी, मेथी, ठेचा. तीन दिवसांत पहिल्यांदा पोटात काही गेलं. वाचनातला शब्दही ऐकला नाही, पण त्या जायला उठल्या तेव्हा मला रडू आवरेना.

१७ ऑगस्ट, रविवार

अक्कांनी विहारात वंदना झाल्यावर रक्ताचं सांगितलं. अकरा जण जीप करून आले! मी सगळ्यांना हात जोडत होते, आणि रांगेत शेवटी कोण? नाना. दाढी वाढलेली, शर्टाची बाही आधीच वर केलेली.

मी धावूनच गेले. "तुमचं रक्त यांच्या अंगात? आधी करंट दिलात, आता रक्त देता?" अजून काय काय बोलले, लिहवत नाही. ते हळूच म्हणाले, "स्नेहल बेटा, मला फोन आला नव्हता." मी ओरडले, "खोटारडे!" सगळा दवाखाना बघत होता. नाना बाही खाली करत निघून गेले. जीपमध्येही बसले नाहीत.

मला कुणीच काही बोललं नाही. अक्कासुद्धा नाही. याचाच जास्त राग आला.

१८ ऑगस्ट

नाना सस्पेंड झाले. बरं झालं!

२१ ऑगस्ट, गुरुवार

रोज कुणी ना कुणी येतंच. आज दोघी, काल पाच. येतात, मला अंघोळीला पाठवतात, तोवर वॉर्डाच्या दाराशी बसतात, मग कडुलिंबाखाली वाचन. आता बाकीच्या पेशंटांची माणसंही येऊन बसतात. शिंदखेड्याकडच्या वच्छलाबाई तर आधीच येऊन जागा धरतात. त्यांची सून भाजलीय. देवभोळी बाई, कपाळभर कुंकू, पण ऐकताना हलत नाही.

आज अक्कांनी ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला. वाचला. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला. कोणी जवळ जाईना — का, तर हा कधी कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. तथागतांनी स्वतः पाणी आणलं, त्याला धुतलं, पुसलं. बाकीच्यांना म्हणाले, इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार?

मी तिथेच थांबले. वच्छलाबाई म्हणाल्या, "काब्र थांबनी व माय? वाच ना पुढे."

वाचलं कसंबसं. मग सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. लहानपणापासून म्हणते, झोपेतही म्हणेन. पहिलं, दुसरं, तिसरं झालं. चौथं — खोटं बोलणार नाही — तिथे तोंड उघडेना. बाकीचे पुढे गेले. अक्कांनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

वही, तुलाही मी खोटंच सांगितलं. त्या दिवशी हे निघताना फोनवर बोलत होते, एवढं खरं. मी आत भांडी घासत होते. कुणाशी बोलले, काय बोलले, काही ऐकलं नाही. 'लाईन बंद ठेवा' हे शब्द माझे आहेत. हवालदाराने विचारलं, नक्की ऐकलं का? मी म्हटलं, नक्की!

२२ ऑगस्ट

पण हे फोन केल्याशिवाय चढतच नाहीत. नानांनीच लावलेली शिस्त. म्हणजे केलाच असणार. मी ऐकला नाही म्हणून काय झालं?

२४ ऑगस्ट, रविवार

जखमेत पू झालाय. ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, "उद्या उघडून बघू, कदाचित हात काढावा लागेल. जीव वाचवायचा म्हणजे..." सहीला कागद पुढे केला. वायरमनचा उजवा हात!

सोळा जण आले होते. कुणी उगाच 'सगळं ठीक होईल' म्हणालं नाही. नुसते बसून राहिले. मला वाटत होतं कुणाशी तरी सौदा करावा — हात राहू दे, मी जबाब मागे घेते. पण आमच्यात नवस बोलायचीही सोय नाही! वच्छलाबाईंनी मात्र माझ्या वाटचा नवस एकविरेला बोलून टाकला. "बठ्ठं चांगलं व्हई." अक्का म्हणाल्या, "बोलू दे गं. तिची माया आहे."

अक्कांना बाजूला घेऊन विचारलं, "आपल्या माणसासाठी कुणी खोटं बोललं तर?"

अक्का डब्यांची पिशवी आवरू लागल्या. मग म्हणाल्या, "आधारने जेवण सोडलंय. विहारात पाय ठेवत नाही. त्याच्या दारात आम्ही रोज बसतो, जसं इथे बसतो तसंच. तो दार उघडत नाही."

म्हणजे इथून गेल्या की तिथे जातात! आधी अंगाची आग झाली. माझ्या माणसाला जाळणाऱ्याच्या दारात? मग राहिलेले डबे मीच पिशवीत भरले.

२५ ऑगस्ट

हात राहिला! दोन बोटं गेली. हात राहिला!

२८ ऑगस्ट, गुरुवार

ताप नाही. उद्या तोंडातली नळी काढणार.

सबस्टेशनच्या फोनचं रेकॉर्ड अजून आलेलं नाही. हे ज्याच्याकडे कामाला आहेत त्या ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. म्हणाला, "वहिनी, जबाबावर ठाम राहा. चूक ऑपरेटरची ठरली तरच भरपाई आणि कामावर परत. तुमच्या माणसाची ठरली तर काहीच नाही." मी मान डोलावली.

ठरवलंय, उद्या यांनाच विचारते. हे म्हणाले 'फोन केला होता', की सुटले मी. मग माझं खोटं खोटं राहणारच नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

नळी निघाली. मी विचारायच्या आत हेच बोलले. घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत — "नाना आले नाहीत का गं बघायला?"

मी यांची उशी सारखी केली.

"शेतीची लाईट दोनला जाते. त्या दिवशी पावणेदोनलाच गेली. मला वाटलं, गेली आजची. कुठे फोन करत बसायचं, म्हणून चढलो. ती नुसती ट्रिप झाली होती, आपोआप पडली होती. नाना चालू करणारच ना, त्यांना काय माहीत मी वर आहे!" मग डोळे भरून आले यांचे. "एवढं शिकवलं त्यांनी, नि मी... रागावले असतील ना? म्हणून आले नाहीत?"

अक्कांना यांच्याजवळ बसवलं. पारोळ्याला जाते, आधी नानांचं घर, मग पोलीस स्टेशन.

"येतील," मी यांना म्हटलं. "मीच आणायला चाललेय."