बर्फाखालचा माझा प्रवाह

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.१०
सापडला! माझ्या कॉम्प्युटरमधल्या समुद्रात, तरंगत्या बर्फाच्या पोटाखाली, जिथे उतार सगळ्यात तीव्र आहे नेमका तिथेच प्रवाह. वेग सेकंदाला सात सेंटिमीटर. आजवर एकाही मॉडेलमध्ये नव्हता. बाकीचे काय झोपा काढत होते?
संकल्प: शुक्रवारपर्यंत पेपर.
ताईचा फोन. बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलंय. डॉक्टर आता फार बोलत नाहीत, तू ये म्हणाली. उद्या दुपारच्या बसने येतो म्हटलं.

मंगळवार, ५ मार्च
बस सोडावी लागली. कॉम्प्युटरवर मॉडेलचा रन चालू असताना माणूस जाणार कसा? तो आपला आपण चालतो, हे ताईला कुणी सांगितलं कोण जाणे.
प्रवाहाला बाबांचं नाव द्यायचं ठरवलं. जन्मभर पाणीखात्यात मीटर बसवले त्यांनी. छापलेलं पान घेऊनच जाईन. रिकाम्या हाताने काय जायचं?

बुधवार, ६ मार्च
बाबांशी फोनवर बोललो. आवाज फार खोल गेलाय. तरी प्रवाह समजावून सांगितला: बर्फाच्या तिरक्या बुडाखाली इथे दाब जास्त, शेजारी कमी, त्या फरकाने पाणी ढकललं जातं. मग त्यांनी विचारलं, सगळे नळ बंद करून बघितलंस का? नळ बंद, गळती नाही, तरी काटा फिरला तर खोट मीटरमध्ये असते, म्हणाले. मला हसू आलं. रिटायर झाले तरी जीव नळातच.
कधी येतोस, असंही विचारलं. शनिवारी म्हटलं.

गुरुवार, ७ मार्च
आमच्या विभागप्रमुख बाईंनी विचारलं, स्थिर पाण्याची टेस्ट केली का? वारा बंद, भरती बंद, पाणी निश्चल ठेवायचं. तरी वाहिलं तर प्रवाह खोटा. तीव्र उतारावर कॉम्प्युटरची दोन मोठ्या दाबांची वजाबाकी चुकते म्हणे. केली म्हणून सांगितलं. म्हणजे करणारच आहे. शेंबडं पोरही करील ती टेस्ट, मी कशाला त्यात वेळ घालवू?

शनिवार, ९ मार्च
पेपर कालच व्हायचा होता, पण आकृती तीनचा निळा मनासारखा येईना. बस गेली. ताईला सांगितलं, सोमवारी नक्की, काळ्या दगडावरची रेघ. तिने फोन ठेवला. तिला रिसर्चमधलं काय कळणार!

रविवार, १० मार्च. सकाळी ६.२०
ताईचा फोन. बाबा गेले.

सोमवार, १८ मार्च
ऑफिस. घरून निघताना ताईने सांगितलं, शेवटच्या दिवशी बाबा सारखे विचारत होते, त्याने नळ बंद केले का?
आज केले. वारा शून्य. भरती शून्य. पाणी निश्चल. प्रवाह सेकंदाला सात सेंटिमीटर, त्याच उतारावर.
पेपरमधून बाबांचं नाव काढलं.
टेस्टला चाळीस मिनिटं लागली. त्या पहिल्या सोमवारी केली असती, तर मंगळवारची बस आरामात मिळत होती.