बुकोमच्या अंगणाचा वारस

मी, तेइको ओक्पोटी, राहणार बुकोम, आक्रा, धंदा पूर्वी बॉक्सिंग, मग थोडी वर्षे बॉक्सिंग शिकवणे आणि त्यानंतर आवाज बसेपर्यंत रेडिओवर बॉक्सिंगचे समालोचन, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकात वा भिडेत न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. ज्याने उभ्या जन्मात डोक्यावर इतके ठोसे झेलले त्यानेच आपली बुद्धी शाबूत असल्याचे सांगावे, याचे कोणाला हसू आले तर त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला वाचावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केले असेन, विशेषतः लढत जिंकल्याच्या आनंदात, तर ते धरू नये.

१. हे लिहिण्याचे कारण. आमच्यात माणूस काही न लिहिता गेला तर त्याने स्वतः कमावलेलेही घराण्याचे होते, आणि घराण्याचा प्रमुख ठरवेल त्याला मिळते. आमच्या घराण्याचे प्रमुख म्हणजे माझे थोरले बंधू लान्तेई. समुद्राकडे तोंड करून असलेले माझे बॉक्सिंगचे अंगण मला माझी मुलगी आफोली हिला द्यायचे आहे, आणि लान्तेईला ते मान्य नाही. “अंगण पुरुषांचं आहे. मुलीला दिलंस की उद्या तिच्या नवऱ्याच्या घराण्यात गेलं म्हणून समज,” हे त्याने मला घरात सांगितले, गल्लीत सांगितले, आणि एकदा दुसऱ्याच्या मयतीत शोकगीत थांबल्याची संधी साधून मोठ्याने सांगितले. मी डोळे मिटले की लान्तेई तिथे मासळीचे शीतगृह उभारणार, हे मला स्वच्छ दिसते. बाकी कशाचे काहीही झाले तरी चालेल. अंगण राहिले पाहिजे.

२. घराण्याच्या घरातील माझी खोली घराण्याकडे परत जावी. पलंगाचा एक पाय लंगडा आहे, त्यावरून कोणी भांडू नये. माझे कपडे माझ्या मापाचा जो असेल त्याला द्यावेत, मात्र जिंकलेल्या लढतीतला झगा कोणी बाजारात जाताना घालू नये.

३. अंगणाविषयी. मी रिंगमधून उतरलो तेव्हा बुकोममध्ये दोन तट पडले होते. एक म्हणायचे, विजेता आहे, आता विजेते घडवेल. दुसरे म्हणायचे, गप्प माणूस आहे, याच्याकडून काय शिकायचे! मी पहिल्या तटावर विश्वास ठेवला, कारण त्यात माझी स्तुती होती. जागा घेतली, वाळू पसरली, ठोसे मारायच्या पिशव्या टांगल्या. सगळ्यात गुणी पोरगा होता ओब्लितेई. मी त्याला ठोसा दाखवायचो आणि म्हणायचो, “असं.”

“आताआ, असं म्हणजे कसं?” तो विचारायचा. वडिलांना आणि वडीलधाऱ्यांना आमच्याकडे आताआ म्हणतात.

“असं!”

“पण आधी पाय की आधी खांदा?”

“डोळे काय घरी ठेवून आलास? असं!”

खरे सांगतो, आधी पाय की आधी खांदा, हे मलाही माहीत नव्हते. माझ्या हाताला माहीत होते आणि हात काही बोलत नाही. ओब्लितेई हरला, बाकीचेही हरले, आणि एकेक करून दुसऱ्या अंगणात गेले. जाताना पाया पडून गेले, त्यामुळे मला त्यांना शिव्याही देता आल्या नाहीत. लान्तेई म्हणाला, “तेइको, तू मासा आहेस. पोहणं कसं असतं हे माशाला विचारून काय उपयोग?” त्या वेळी मी त्याच्याशी बरेच दिवस बोललो नाही. तो खरे बोलला होता, म्हणून जास्त लागले.

४. रेडिओविषयी. मग रेडिओवाल्यांचे बोलावणे आले. पहिल्याच लढतीत, नेमक्या निकालाच्या फेरीत, मी गप्प झालो. समोर इतके सुंदर बॉक्सिंग चालले होते की बघत राहिलो. इकडे बुकोममध्ये घराघरात लोक रेडिओला थापडा मारत होते. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या आमार्तेईच्या दारात ही रांग! आणि त्या माणसाने धडधाकट रेडिओ उघडले, फुंकर मारली आणि दुरुस्त झाले म्हणून परत दिले. माझ्या अंत्यविधीला त्याने यावे, जेवावे, पण पुढच्या रांगेत बसू नये.

त्या दिवशी माझी बायको देदेई केंकी करत होती. आंबवलेले मक्याचे पीठ मळायचे आणि मुठीएवढे गोळे कणसाच्या सालपटात गुंडाळायचे. पाठ माझ्याकडे, तोंड चुलीकडे. ती म्हणाली, “तेइको, माझे दोन्ही हात पिठात आहेत आणि डोळ्यांत धूर. मला काही दिसत नाही. तुला दिसतंय ना? मग मला सांग की. बाकीच्या जगाला काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील.”

त्यानंतर मी प्रत्येक लढत देदेईला सांगितली. कोणाचा पाय कुठे आहे, कोण श्वास लपवतो आहे, कोणाची हनुवटी उघडी पडते आहे. सांगता सांगता आयुष्यात पहिल्यांदा मला कळले की आधी पाय असतो. लोक मला मोठा समालोचक म्हणू लागले, टॅक्सीवाले माझ्या आवाजावरून ओळखू लागले. देदेई गेली त्यानंतरही मी तिलाच सांगत राहिलो. दुसऱ्या कोणाला सांगणे मला कधी जमले नाही, आणि तिची आठवण आली नाही अशी एकही लढत नाही.

म्हणून शवपेटीविषयी. आमच्याकडे माणूस ज्यासाठी जगला त्या आकाराची पेटी घडवतात. घराण्याला ग्लोव्ह हवा आहे, रेडिओवाल्यांना माईक हवा आहे, आणि दोघांनी तेशी गावातल्या पेट्या घडवणाऱ्या सुताराकडे माणसे पाठवली आहेत. दोघांचाही मान ठेवून सांगतो की मला केंकीच्या आकाराच्या पेटीत ठेवावे. सालपटाचे पदर नीट कोरावेत. देदेईला घाईघाईने गुंडाळलेली केंकी खपत नसे.

५. आफोलीविषयी. माझ्या मुलीला मी लहानपणी अंगणात पाऊल टाकू दिले नाही. तशी रीतच होती, मीही वेगळा विचार केला नाही. ती आईजवळ चुलीपाशी असायची आणि तिथे रेडिओ असायचा. ओब्लितेई मला सोडून गेला होता, पण देदेईची केंकी काही त्याला सुटली नव्हती. एका दुपारी तो मिरचीच्या चटणीबरोबर तळलेला मासा खात बसला असताना आफोली सालपट दुमडता दुमडता त्याला म्हणाली, “तुझा उजवा ठोसा यायच्या आधी तुझा डावा पाय सरकतो.”

“तू कधी पाहिलीस माझी लढत?”

“पाहिली नाही, ऐकली. आताआ रेडिओवर दर वेळी सांगतात, पाय सरकला, आता उजवा येणार. आणि येतोच. त्यांना कळतं म्हणजे समोरच्याला नाही का कळत?”

“मग मी काय करू?”

“नुसताच पाय सरकव. ठोसा ठेव. त्याने हात वर केला की पाय न हलवता मार. खा आधी, मासा गार होतोय.”

हे मला कोणी सांगितले नव्हते. पुढच्या लढतीत मी माईकपुढे नेहमीसारखा म्हणालो, “ओब्लितेईचा पाय सरकला, आता उजवा.” उजवा आला नाही. पुन्हा पाय सरकला, पुन्हा मी फसलो, आणि समोरचाही फसला. मग पाय जागच्या जागी असताना उजवा आला, आणि समोरचा खाली बसला. मी परत एकदा गप्प झालो. घराघरात पुन्हा रेडिओ आपटले. लढत संपल्यावर मी ओब्लितेईला विचारले, “कोणी शिकवलं तुला?” तो म्हणाला, “तुम्हीच, आताआ. आफोलीमार्फत.”

दुसऱ्या दिवसापासून आफोली अंगणात आली. आज तिथली सगळी पोरे आणि पोरी तिच्या हाताखाली आहेत. विजेता प्रशिक्षक होऊ शकतो का, यावर बुकोममधले लोक अजून वाद घालतात. माझ्यापुरते उत्तर असे की मी एकच माणूस घडवला, आणि तोही पाठ फिरवून.

सबब, सदर अंगण, त्यातील रिंग, पिशव्या, घंटा आणि समुद्राकडचे दार यांसह, मी माझी मुलगी आफोली हिला देत आहे. होमोवोच्या सणाआधी गावात ढोल-आवाजाला बंदी असते, त्या दिवसांत घंटा वाजवू नये. फेरी संपली की आफोली पाठीवर हात ठेवते, तीच पद्धत चालू राहावी.

६. लान्तेईविषयी. विजेतेपदाचा पट्टा मी माझे बंधू लान्तेई यांना देत आहे. त्या लढतीत माझा डोळा बंद झाला होता आणि मला उठायचे नव्हते. दोन फेऱ्यांच्या मधे बॉक्सर बसतो त्या रिंगच्या कोपऱ्यात लान्तेई माझ्याजवळ होता. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, “तो तुझ्यापेक्षा जास्त दमलाय. त्याला हे माहीत नाही. जा, सांगून ये.” पट्टा माझ्या कमरेला बांधला गेला, पण मला उठवून उभे करणारा तो होता. अंगण नाही, म्हणून पट्टा देतो असे कोणी समजू नये. पट्टा त्याचाच आहे.

७. वरील मजकूर पुरा झाल्यावर घराण्याचा प्रमुख म्हणून लान्तेईला बोलावून, हे लिहून घेणाऱ्या वकीलबाईंनी तो वाचून दाखवला. पुढे जे झाले ते मी त्यांना इथेच लिहायला सांगितले आहे. पाचव्या कलमापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “हे चुकीचं लिहिलंय.”

मी म्हणालो, “लान्तेई, मी मरायला टेकलोय. आता तरी भांडू नको.”

“भांडत नाही. मुलीला देतो असं लिहिलंस, तर मी गेल्यावर घराण्यातला प्रत्येक जण कोर्टात जाईल. मुलगी म्हणून देऊ नको. अंगणाची प्रशिक्षक म्हणून दे. तिच्यानंतर तिने नेमलेल्या प्रशिक्षकाला. मग नवऱ्याचा प्रश्न कुठे आला?”

मी विचारले, “आणि शीतगृह?”

“मासळीला दुसरी जागा मिळेल.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आफोलीच्या बारशाला, आठव्या दिवशी पहाटे, तिला उचलून पहिल्यांदा घराबाहेर आणलं कोणी? जमिनीवर ठेवलं कोणी? मी. मूल जो बाहेर आणतो त्याच्या वळणावर जातं, हे देदेईला माहीत होतं, म्हणून तिने मला बोलावलं, तुला नाही. ती कोपऱ्यात पोरांशी बोलते ते ऐक कधी. माझंच बोलणं आहे ते. तुझ्यावर गेली असती तर अजून ‘असं, असं’ करत बसली असती.”

पाचव्या कलमात त्याच्या सांगण्याप्रमाणे दुरुस्ती करण्यात येत आहे. ‘माझी मुलगी’ ऐवजी ‘सदर अंगणाची प्रशिक्षक’ असे वाचावे, आणि तिच्या पश्चात तिने नेमलेल्या प्रशिक्षकाकडे अंगण जावे.

साक्षीला डॉक्टरबाई होत्या, दुसरे साक्षीदार शेजारचे मास्तर यायचे होते. लान्तेईने पेन मागितले. वकीलबाई म्हणाल्या, “तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमचा पट्टा जाईल.”

तो म्हणाला, “प्रमुखाचीच सही असली तर घराण्यात कोण तोंड उघडणार आहे? पट्टा जाऊ दे. जिचं अंगण तिचा पट्टा.”

मी नको म्हणालो. त्याने ऐकले नाही. लहानपणापासून त्याने माझे कधी ऐकलेले नाही, आणि आज प्रथमच मला त्याचे बरे वाटले. तो सही करत असताना मी रडलो, हेही मी शुद्धीवर असताना केले आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, समजून मी दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

(सही) तेइको ओक्पोटी

स्थळ: बुकोम, आक्रा
दिनांक: सोमवार, ९ सप्टेंबर २०१९

साक्षीदार:
(सही) डॉ. नॉर्ली आन्नान, दाखला देणाऱ्या डॉक्टर
(सही) लान्तेई ओक्पोटी, थोरला भाऊ, या मृत्युपत्रान्वये काहीही न घेणारा