दुसरी सीडी आधी

अण्णा, सोमवारी सकाळी नऊ वाजता मला वर्गात जाऊन बसायचं आहे आणि शुक्रवारपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. बावीस वर्षं नोकरी केली, हाताखाली तीस माणसं होती, आणि आता कंपनी म्हणते आहे की जुनं काम संपलं, नवं शिका, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. शिकवणारी मुलगी पंचवीस वर्षांची आहे. लिफ्टमध्ये भेटली तर म्हणाली, "मॅम, डोन्ट वरी हां, मी एकदम बेसिकपासून घेणारे." मी हसले आणि जागेवर येऊन राजीनामा लिहून काढला. अजून पाठवलेला नाही. दोन दिवस हे कपाट उपस, तो खण लाव, असं चाललं आहे, आणि त्यातच आईने दिलेल्या खोक्यात तुमच्या त्या दोन सीडी सापडल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतं आहे.

कारखान्याने तुम्हाला लेथवरून उठवून घरी बसवलं, तेव्हा तुम्ही पन्नाशीही गाठली नव्हती. नारायण पेठेत छापखान्याशेजारचा गाळा भाड्याने घेऊन तुम्ही सीडी लायब्ररी टाकलीत. हिंदी सिनेमे गल्लोगल्ली मिळतात म्हणून कुठूनकुठून चिनी कुंग फूचे विनोदी सिनेमे जमवलेत. काय ते सिनेमे! प्रत्येकात तीच टेकडी, तेच खानावळीचं अंगण. पहिल्या मारामारीत मेलेला माणूस अर्ध्या तासाने दाढी लावून परत यायचा. हात हलायच्या आधीच फाटकन आवाज यायचा. आणि हत्यारं म्हणजे बाकडं, छत्री, पळी, पाण्याची बादली, घरात असेल ते. नायक भरपूर मार खायचा आणि उठून आधी भात मागायचा. छापखान्यातले काका म्हणायचे, "ह्यात आपल्यासारखी माणसं मारामारी करतात हो. त्या हिंदीवाल्यांना भूक कुठे लागते?"

रविवारी अकराला तुम्ही काउंटरवरच्या टीव्हीवर एक सिनेमा लावायचात. मंडईतून परतणारी माणसं पिशव्या घेऊन तिथेच टेकायची. बायका मेथी निवडायच्या, आई गवार मोडायची, आणि सिनेमा संपेपर्यंत निम्म्या गल्लीची भाजी तयार व्हायची. भाषा कोणालाच कळत नव्हती, तुम्हालाही नाही. तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक करून सगळ्यांचे आवाज स्वतः काढायचात. दारू पिऊन झुलणारा म्हातारा गुरू तुमच्या तोंडून अस्सल पेठेतला होऊन बोलायचा. शिष्य पाया पडला की, "उठा. आपण पाया पडलात म्हणून आम्ही काही तरुण होणार नाही. ती घागर घ्या, विहीर खाली आहे." शिष्य धापा टाकत वर आला की, "आलात? बरं झालं. आता ते पाणी झाडाला घाला. झाड खाली आहे." मी इंजिनीअरिंगला होते, मान खाली घालून असाइनमेंट लिहीत बसायचे, आणि हसू आवरायला पेन चावायचे.

त्या दोन सीडींचा सिनेमा सगळ्यांचा लाडका. कव्हर नाही, नाव नाही. प्रत्येकीवर एकच चिनी अक्षर, एक उताणं आणि एक पालथं वाटावं असं. तुम्ही पहिल्या दिवशी त्यातली हाताला लागली ती लावलीत. तिच्या शेवटी नायक एका पांढऱ्या भुवयांच्या खलनायकाला लोळवून जिंकला. मग दुसरी सीडी घातली तर पडद्यावर नावं यायला लागली. तुम्ही रिमोट खाली ठेवलात आणि म्हणालात, "ह्यांच्याकडे नावं मध्यंतरानंतर दाखवतात." पुढे बघतो तर नायक खानावळीत भांडी घासतोय, ऐऱ्यागैऱ्याचा मार खातोय. आता तुम्ही ह्याचं काय करणार, असं मला वाटलं. तुम्ही मात्र नायकाला त्या म्हाताऱ्यासमोर हात जोडून बोलतं केलंत: "जिंकलो हो, पण येत काही नाही. शिकवा."

मला अजून आठवतं, आईच्या हातातली गवार तशीच राहिली होती. पुढची चार वर्षं तो सिनेमा त्याच क्रमाने लागला आणि त्या वाक्याला काका दर वेळी डोळे पुसायचे. त्याच सुमारास तुम्ही सदाशिव पेठेत संगणकाच्या वर्गाला जायला लागला होतात, शाळेतल्या पोरांच्या रांगेत. तुम्ही बावीस वर्षं लेथ चालवलात, कितीतरी जणांना शिकवलात, आणि आता घरी येऊन सांगायचात, "आज फोल्डर उघडायला शिकलो. बंद करायला उद्या." मला तेव्हा ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसला नाही.

आणि मग तो रविवार. मला नोकरी लागून सहा महिने झाले होते. माझी टीम लीड आपलं घर बघायला आली होती, तिला मी दुकानात घेऊन आले. ऑफिसातल्या कोणाकडून त्याच सिनेमाची, संवाद खाली इंग्रजीत लिहून येणारी डिस्क आणली होती. तुम्हाला आनंद होईल असं वाटलं होतं. तुम्ही ती लावलीत, आवाज बारीक केलात आणि घसा साफ करून म्हाताऱ्याचं बोलायला लागलात. लीड माझ्याकडे बघून हसली. मी मोठ्याने म्हणाले, "अहो अण्णा, असं नाही म्हणत आहे तो! खाली लिहिलंय बघा. तो गुरू नाहीच आहे, खानावळीतला आचारी आहे. आणि तुम्ही सगळं उलटं दाखवता. तो आधी शिकतो आणि मग जिंकतो." सगळे हसले. काकाही हसले. तुम्ही रिमोट माझ्या हातात दिलात. "असं होय? मग आम्ही चार वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलो होतो म्हणायचं. वाचा, बाईसाहेब. आता वाचणारे आले." आणि चहा सांगायला बाहेर गेलात. त्यानंतर तुम्ही एकाही सिनेमाला आवाज दिला नाहीत. वर्षभरात दुकान उठलं, त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आता ह्या सीडी. कागदी पाकिटांवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे. एकीवर, "ही आधी लावणे." दुसरीवर, "ही नंतर. (खरं तर ही पहिली. पण अशीच बरी.)" अण्णा, हे तुम्ही कधी लिहिलंत? माझ्या आगाऊपणाच्या आधी लिहिलं असेल, तर तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि एक शब्द बोलला नाहीत. नंतर लिहिलं असेल, तर दुकानात कोणी नसताना तो सिनेमा परत तसाच लावून बघितलात, एकटेच. शाईवरून काही कळत नाही. सकाळपासून मी ती पाकिटं उजेडात धरते आहे, खाली ठेवते आहे, पुन्हा उचलते आहे.

दुपारी मुलाचा जुना लॅपटॉप काढला, त्यात अजून सीडी जाते. तुम्ही लिहिलेल्या क्रमाने लावल्या आणि आवाज बंद केला. नायक जिंकला, नावं आली, भांडी घासून झाली, म्हातारा झुलत झुलत पुढे आला. नायकाने हात जोडले आणि तुमचं वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्यांदा "जिंकलो हो"च्या पुढे जीभ वळेना. मागे नेलं, पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी सगळं आलं, अगदी "शिकवा"पर्यंत. मग मेल उघडून राजीनामा पुसून टाकला. सोमवारी जाईन, पहिल्या बाकावर बसेन.

हे पत्र "ही नंतर"च्या पाकिटात घालून ठेवते आहे, दुसरीकडे कुठे टाकणार? एवढंच राहिलं. त्या रविवारी मला तुमची चूक सुधारायची नव्हती. लीडसमोर मला तुमची लाज वाटली होती. आणि त्या डिस्कमध्ये पडद्यावर खाली काय लिहून येत होतं, त्यातलं आज मला एक अक्षर आठवत नाही.