पिठावरची पावलं

हॅनकॉक, मिशिगन
११ मार्च

प्रिय रूडी,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठीक आहेत. बर्फ अजून खिडकीच्या निम्म्यापर्यंत आहे. छपरावरचा मी परवा ओढून काढला. सौनाची चूल धूर करते, म्हणून शनिवारी आम्ही दोघं वाफ न घेता नुसतेच त्या खोलीत बसून राहिलो. वेलदोड्याचा पाव मला आईसारखा जमत नाही, पण बाबा खातात.

नऊ वर्षं आपण बहीणभाऊ बोललेलो नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये आईच्या अंत्यविधीला तू मागच्या बाकावर बसलास आणि कॉफीला न थांबता निघून गेलास. मी तुला हाक मारायला हवी होती. खाणीच्या सहलीत तू पर्यटकांना दाखवायचास तो मेलेल्या कामगाराचा कंदील म्हणजे पलीकडच्या हमरस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे, हे मी पेपरात छापून आणलं आणि तुझा धंदा बसला. ते खरंच होतं, पण आधी तुला सांगायला हवं होतं. एवढं आज कबूल करते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. जानेवारीत बाबांचा फोन आला.

"मार्लीन, सामान घेऊन ये. एक केस आहे."

"कुणाची?"

"माझी."

चाळीस वर्षं लोकांची भुतं मोजपट्टीनं मोजणारा माणूस हा! मला वाटलं, थट्टा करताहेत. पण तसं नव्हतं. दुपारी खुर्चीत त्यांचा डोळा लागतो, चारला उठतात तर टेबलावर दोन कप. एक त्यांचा, एक आईचा निळा, दूध घातलेला. कॉफी गरम.

"तुझी आईच येते," बाबा म्हणाले. "इतकी पाणचट कॉफी दुसरं कोण करणार?"

भुताखेतांचे दावे तपासणाऱ्या आमच्या मंडळाचा नियम तुला पाठ आहे. काय दिसलं तर आपलं चुकलं म्हणेन, हे दावा करणाऱ्यानं तपासाआधीच लिहून द्यायचं. बाबांनी किराणाच्या यादीमागे लिहिलं: 'पिठात माझ्या एकट्याचीच पावलं उमटली, तर माझी साइमी येत नाही हे मी मान्य करीन.' खाली सही, तारीख. मी म्हटलं, राहू दे ना बाबा.

"लिहून घे पोरी. नाहीतर नंतर मी पळवाटा काढीन. माणसं काढतातच."

ते झोपल्यावर मी बाहेरच्या दारांना दोरा बांधला, स्वयंपाकघरात जमिनीवर पीठ चाळलं, दर मिनिटाला फोटो घेणारा कॅमेरा फ्रीजवर ठेवला आणि तळघरात जाऊन बसले. थोड्या वेळानं डोक्यावरच्या फळ्या वाजू लागल्या. कोण चालतंय ते मला चालीवरून कळलं. तरी पावलं थांबेपर्यंत बसून राहिले.

वर आले तर दोरे शाबूत होते. पिठात एकाच माणसाची पावलं, मोज्याच्या टाचेवरच्या रफूसकट. कॅमेऱ्यात फोटो होता. बाबा उभे आहेत, डोळे उघडे, निळ्या कपात दूध ओतताहेत आणि आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून काहीतरी बोलताहेत.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी पीठ झाडलं. बाबा परत खुर्चीत झोपले होते, त्यांच्या मोज्यांवरचं पीठही हळूच झटकलं.

बाबा ठीक आहेत असं वर लिहिलं, ते खोटं. त्यानंतर डॉक्टरांना दाखवलं. विसरणं वाढतच जाणार म्हणाले. मी मान हलवली आणि गाडीत येऊन बसले. गाडी सुरू करायची हे बऱ्याच वेळानं सुचलं.

पण पिठाच्या त्या दिवशी चारला बाबा उठले आणि टेबलाशी येऊन बसले.

"बोल. काय निघालं?"

"दोघांची पावलं," मी म्हणाले. "तुमची, आणि दुसरी जरा लहान."

"फोटो?"

"कॅमेरा ऐन वेळी बंद पडला."

रूडी, या वाक्याला आपल्या घरात किती हसलोय! भूत बघितलेल्या प्रत्येकाचा कॅमेरा ऐन वेळीच बंद पडतो. तुझा खाणीतला गाइड हेच म्हणाला, तेव्हा बाबा आणि मी तुझ्यासमोर पोट धरून हसलो होतो.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होतं असं कधी कधी." किराणाची ती यादी घडी करून त्यांनी खिशात घातली आणि निळा कप माझ्यापुढे सरकवला. "पी, गार होईल."

मी प्यायले. पाणचट होती.

त्यांना कळलं का, मला माहीत नाही. तपासायची हिंमत नाही. आता रोज चारला मला विचारतात, "आज काही म्हणाली का ती?" आणि मी कप विसळायला उठते. तपासाच्या तीस वर्षांत एकदाच खोटं बोलले, दुसरं सुचत नाही. तुला लोकांना गोष्ट सांगता येते. ते मी कमीपणाचं मानत आले, माझं चुकलं. शनिवारी ये. सौनाची चूलही बघ.

फोटो सोबत पाठवते आहे. फाडवत नाही, आणि घरात ठेवला तर बाबा शोधून काढतील, त्यात ते अजून पटाईत आहेत. तुझ्याकडेच राहू दे. त्यांनी तुला विचारलं तर सांग, मार्लीनचा कॅमेरा बंद पडला होता. आणि हसू नकोस.

तेव्हा तुझ्यावर हसलेली,
मार्लीन